कोवळ्या ब्लॅक पाइनची कुंडी केव्हा आणि कशी बदलावी?

प्रश्न : माझ्याकडे जपानी ब्लॅक पाइनची तीन वर्षांची दोन रोपे आहेत, त्यांची खोडे अजून पेन्सिलीएवढीच जाड आहेत. तिसरेही एक रोप होते. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या मुळांची माती पाण्याने पूर्णपणे धुतली, मुळांवर पांढरी बुरशी दिसली ती रोग समजून खरवडून काढली आणि मुळे छाटून ते उथळ बोन्साय कुंडीत लावले. पाच-सहा आठवड्यांत त्याच्या सुया फिकट पडल्या आणि रोप वाळले. उरलेल्या दोन रोपांची कुंडी केव्हा व कशी बदलावी? त्यांचे मेणबत्तीसारखे वाढणारे कोंब यंदाच खुडावेत काय?

उत्तर : आपण खरवडून काढलेली पांढरी बुरशी बहुधा रोगाची नव्हती. पाइनच्या निरोगी मुळांवर अशी बुरशी नेहमीच आढळते. तिला मायकोरायझा म्हणतात. जपानमध्ये कुरोमात्सू या नावाने ओळखले जाणारे हे झाड मूळचे समुद्रकाठचे आहे आणि तिथल्या निकस, वाळवट जमिनीत ते तगते त्यात या बुरशीचा मोठा वाटा असतो. मुळे जिथवर पोहोचू शकत नाहीत तिथून ती पाणी आणि स्फुरद ओढून आणते व त्या बदल्यात झाडाकडून साखर घेते. म्हणून कुंडी बदलताना जुन्या मातीतील पांढरे जाळे असलेली मूठभर माती नव्या मिश्रणात अवश्य मिसळावी.

आपले रोप एकाच कारणाने गेले असे मला वाटत नाही. भर उन्हाळ्यात नव्या कोंबांतून आणि सुयांतून पाणी सतत बाहेर पडत असते, आणि नेमक्या त्याच वेळी पाणी शोषणारी बारीक मुळे धुण्यात व छाटण्यात तुटली. पाइनच्या सुया जाड आणि मेणचट असल्यामुळे मूळ मेल्यावरही त्या कित्येक आठवडे हिरव्या दिसतात. घाव पहिल्याच दिवशी बसलेला होता, तो आपल्याला दिसला उशिरा.

कुंडी बदलण्याची योग्य वेळ म्हणजे हिवाळा सरता सरता, जेव्हा शेंड्याच्या कळ्या फुगू लागतात पण त्यांतून सुया सुटलेल्या नसतात. रोप कुंडीतून काढल्यावर मुळांच्या गोळ्याची मनातल्या मनात दोन अर्धुके करावीत. एका अर्धुकातील माती लाकडी काडीने, खोडापासून बाहेरच्या दिशेने, केस विंचरावेत तशी हलक्या हाताने मोकळी करावी. दुसऱ्या अर्धुकाला अजिबात हात लावू नये. ते पुढच्या खेपेला, म्हणजे दोन-तीन वर्षांनी, मोकळे करावे. मोकळ्या केलेल्या बाजूला सरळ खाली जाणारी जाड मुळे आखूड करावीत आणि आडवी पसरणारी बारीक मुळे जपावीत. सोटमूळ या वयातच आखूड केले नाही, तर पुढे खोडाच्या बुंध्याशी चहूबाजूंनी पसरलेल्या मुळांची जी शोभा आपल्याला हवी असते, ती मिळणे फार अवघड होते.

मिश्रणात पाणी साचता कामा नये. अकादामा (जपानी दाणेदार चिकणमाती), प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि लाव्हा दगड यांचे सुमारे 3 ते 6 मिलिमीटरचे दाणे चाळून, धूळ काढून वापरावेत. अकादामा मिळत नसेल तर प्युमिसवर भर द्यावा. ओतलेले पाणी पृष्ठभागावर न रेंगाळता लगेच खाली उतरले, तर मिश्रण जमले असे समजावे. मिश्रण काडीने मुळांमध्ये नीट बसवून रोप कुंडीला तारेने घट्ट बांधावे, कारण वाऱ्याने खोड हलत राहिले की नव्या मुळांची कोवळी टोके तुटतात. त्यानंतर तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्यावे. पहिले दोन-तीन आठवडे रोप वाऱ्यापासून जपावे, मग पूर्ण उन्हात ठेवावे. खत मात्र महिनाभर तरी देऊ नये.

उथळ बोन्साय कुंडीचा विचार सध्या सोडून द्यावा, असा माझा आग्रह आहे. खोडाची जाडी पानोऱ्याच्या जोमावर अवलंबून असते, आणि उथळ कुंडीत तो जोम आवरला जातो. पेन्सिलीएवढे खोड तिथे वर्षानुवर्षे जवळजवळ तेवढेच राहील. त्यापेक्षा जाळीदार प्लास्टिकची चाळणी उत्तम. तिच्या भोकांशी पोहोचलेले मूळ हवेने सुकून थांबते आणि मागे नव्या फांद्या फोडते, त्यामुळे मुळे कडेने गोल गोल फिरत नाहीत. खालची एखादी फांदी मुक्तपणे वाढू द्यावी. बुंधा हवा तेवढा जाड झाला की ती कापता येते. खोडाला तळाशी वळण द्यायचे असेल तर ते मात्र याच वयात, कुंडी बदलण्याआधीच्या हिवाळ्यात तार गुंडाळून द्यावे.

कोंब यंदा खुडू नयेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर्ण कोंब काढल्यावर हे झाड त्याच हंगामात दुसऱ्यांदा फुटते आणि त्या फुटव्याच्या सुया आखूड येतात, हे खरे; पण ही पद्धत फांद्यांची रचना पूर्ण झालेल्या सशक्त झाडासाठी आहे. कोवळ्या रोपाला तर तिची गरजच नाही, आणि ज्या वर्षी मुळे छाटली त्या वर्षी ती थोराड झाडालाही करू नये.

दोन्ही रोपांची कुंडी एकाच वर्षी बदलू नका. ज्या रोपाच्या कुंडीत पाणी आता सावकाश मुरते ते आधी घ्यावे, आणि दुसरे पुढच्या वर्षीपर्यंत आहे तसेच वाढू द्यावे.