बोर्ड गेमचा मेळावा : 18+ गेम आणि घरची पोरं एकाच छताखाली कशी जमवायची

प्रश्न असा की गंगापूर रोडच्या मंगल कार्यालयात दोन दिवसांचा बोर्ड गेम मेळावा करताय, निम्म्या ग्रुपला संध्याकाळी वाइन आणि 18+ पार्टी गेम हवेत, बाकीचे पोरांना घेऊन येणारेत, मग काय ठेवायचं. माझं स्पष्ट मत, दारू हॉलमधून पूर्ण काढा, गेम एकही काढू नका.

आपण नाशिककर, वाइनचं आपल्याला काही वाटत नाही, पण जिथे सात वर्षांचं पोरगं टेबलांमधनं पळतंय तिथे कुणी ग्लास घेऊन बसलं की त्याची आई भांडत नाही, दुसऱ्या दिवशी येतच नाही. शिवाय उत्पादन शुल्कचा एक दिवसाचा परवाना काढा, कार्यालयवाल्यांना पटवा, आणि आपल्याकडे वाइनचं वय 21 आणि हार्ड लिकरचं 25 आहे, म्हणजे कॉलेजची बहुतेक पोरं तशीही बाहेरच. ज्यांना प्यायचीय त्यांनी मेळावा उरकून वायनरीत जावं ना.

गेमचं वेगळं आहे. 18+ गेम आहे याचा पालकांना त्रास नसतो, न सांगता समोर आला की होतो. अमेरिकेतलं जेन कॉन बघा, बोर्ड गेमचा मोठा मेळावा, 1968 पासूनचा, आता इंडियानापोलिसला भरतो, तिथे प्रत्येक इव्हेंटपुढे वयोगट लिहिलेला असतो, सगळ्यांसाठी, 13+, 18+, 21+, तिकीट काढतानाच कळतं. तुम्हीही फॉर्ममध्येच टेबलवार लिहा. आणि 18+ टेबलं दार बंद होईल अशा खोलीतच हवीत, कोपऱ्यात पडदा लावून नाही, कारण कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटीसारख्या चावट विनोदांच्या गेममध्ये कार्ड मोठ्याने वाचायचं असतं आणि सगळा हॉल ऐकतो. हॉरर आरपीजीच्या, म्हणजे पात्रं बनून भीतीची गोष्ट खेळायच्या गेमच्या टेबलावर एक्स कार्ड, म्हणजे X लिहिलेलं कार्ड ठेवा, कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

अजून एक, किड्स कॉर्नर म्हणून खडू आणि चित्रं देऊन पोरांना बाजूला बसवू नका प्लीज. टिकिट टू राइड हा गेम 8+ आहे, कटान 10+, ही टेबलं हॉलच्या मध्यभागी लावा, शिकवायला तुमचा सगळ्यात शांत माणूस द्या, आईबाबांनाही सोबत बसवा, हीच पोरं पुढे तुमचा ग्रुप चालवणारेत.

बंद खोलीच्या दारावर मात्र ओळखीचा आहे म्हणून कुणाला तसंच सोडू नका. ग्रुपमधल्याच कुणाचा तरी सोळा वर्षांचा भाऊ पहिला येईल, आधार कार्ड त्यालाही मागा.