सांगलीत आफ्टरमार्केट अलॉय व्हील बसवले, टायर प्रेशरचा दिवा विझत नाही. जुने सेन्सर त्यात घालता येतील का?

हो, जुन्या व्हीलमधले सेन्सर काढून नव्यात घालता येतात, नवा संच घ्यायची गरज नाही. फक्त व्हॉल्व्हचं भोक आणि आतली जागा जुळायला हवी. टायरच्याच धंद्यात असल्यामुळे सांगतो, आधी गाडीत सेन्सर आहेत का ते बघा. स्क्रीनवर चारही टायरचं प्रेशर आकड्यात दिसत असेल तर व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला सेन्सर आहे. नुसता दिवाच असेल तर बहुतेक एबीएसकडून (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चाकाचा वेग घेऊन अंदाज बांधणारी सिस्टीम असते. तिथे हलवायला काहीच नाही, हवा नीट भरून रीसेट करा, झालं.

सेन्सर असतील तर दुकानदाराला आधीच बजावा. टायर रिमपासून सोडवताना मशीनची पात व्हॉल्व्हजवळ दाबली की सेन्सरचं प्लास्टिक तडकतं, आणि घाईच्या वेळी हे हमखास होतं. व्हॉल्व्हचं रबर सील नवीनच टाका; जुनं परत आवळलं की हवा हळूहळू उतरत राहते.

मात्र सेन्सर सात-आठ वर्षांचे असतील तर बॅटरी संपत आलेली असते आणि ती बहुधा बदलता येत नाही. मग नवेच घ्या. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा ओळख नंबर असतो; तो काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप ओळखतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो.

दिवा फक्त थंडीत पहाटेच लागत असेल तर सेन्सरला हात लावू नका: तापमान 10 अंश उतरलं की प्रेशर दीड-दोन पीएसआयने पडतं.