‘ने’ म्हणजे हो की नाही?

प्रश्न : माझा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. ग्रीसमधील पिरिअस बंदरात त्याने फाटकावरच्या रखवालदाराला ‘आत जाऊ का?’ असे खुणेने विचारले. रखवालदार ‘ने’ म्हणाला, म्हणून हा परत फिरला. तर पाठीमागून त्याला हाका मारून बोलावण्यात आले. त्याचा चेक सहकारी मात्र नकार देताना ‘ने’च म्हणतो. हा शब्द आपल्या ‘न’पैकीच आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चेक ‘ने’ आपल्यापैकी आहे, ग्रीक नाही. चेक, सर्बियन, बल्गेरियन या भाषांतील ‘ने’ आणि संस्कृतातील ‘न’ एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले असून इंग्रजी ‘नेव्हर’मधला पहिला ‘न’ही त्याच घराण्यातला आहे. फ्रेंचमध्ये या ‘ने’ची गंमतच झाली. नकाराला जोर यावा म्हणून त्याच्या जोडीला ‘पा’, म्हणजे ‘पाऊल’, हा शब्द आला आणि आता बोलताना ‘ने’ बहुधा गळतो व एकटे ‘पाऊल’च नकाराचे काम करते.

ग्रीक ‘ने’चा प्राचीन उच्चार ‘नाइ’ असा होता आणि तेव्हाही तो होकारच होता. ग्रीक नकार ‘ओही’ हा आहे, आणि तो आपल्या कानाला नेमका ‘हो’सारखा वाटतो! इटलीने 1940 मध्ये दिलेली निर्वाणीची मागणी ग्रीसने धुडकावली, त्याची आठवण म्हणून तेथे 28 ऑक्टोबरला ‘ओही दिवस’ पाळतात. शब्दांवर विसंबण्यापेक्षा मानेकडे पाहावे. ग्रीक माणूस नकार देताना मान वर झटकतो.

कोरियन ‘ने’ही होकारार्थी आहे, पण त्याचा ग्रीकशी काही संबंध नाही. ‘जेवला नाहीस का?’ या प्रश्नाला कोरियन माणसाने ‘ने’ म्हटले, तर ‘बरोबर, जेवलो नाही’ असा अर्थ होतो. जपानी ‘ने’ वाक्याच्या शेवटी येऊन आपल्या ‘छान आहे ना?’मधल्या ‘ना’सारखी संमती मागतो.

मराठीतही ‘ने’ एक नाही. ‘डबा घेऊन ने’मधला ‘ने’ संस्कृत ‘नी’ धातूचा आहे, ‘सुरीने काप’मधला तृतीयेचा प्रत्यय आहे. ‘जाणते-नेणते’मधल्या ‘नेणते’त मात्र ‘न’ आणि ‘जाणणे’ एकजीव झाले आहेत; चेक सहकाऱ्याच्या ‘ने’चा मराठीतला भाऊबंद शोधायचा तर तो येथे सापडतो.