बाहेरची हार्ड डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावी की एक्सफॅटमध्ये? आणि रिकव्हरी ड्राइव्ह कसा तयार करावा?

एनटीएफएस आणि एक्सफॅट या डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. आपली १ टीबीची नवी डिस्क केवळ विंडोजच्या संगणकांना जोडली जाणार असेल, तर एनटीएफएसच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एनटीएफएस फाइलींच्या रचनेत करायच्या बदलांची नोंद आधी लिहून ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली, तरी ती रचना बहुधा सावरता येते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. परळच्या आमच्या घरी ऐन पावसाळ्यात फोटो कॉपी होत असताना वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला, तेव्हा एक्सफॅटच्या डिस्कवर त्या फोल्डरचे नाव तेवढे उरले, आत काहीही दिसेना. मूळ फोटो मोबाइलमध्ये होते, म्हणून वाचले.

मात्र घरात मॅकही असेल, तर एक्सफॅटला पर्याय नाही, कारण मॅक एनटीएफएस डिस्कवरील फाइली वाचतो, पण त्यावर स्वतःहून लिहू शकत नाही. अशा वेळी 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल कधीही काढू नये. फॅट३२ या जुन्या पद्धतीचा विचार सोडून द्यावा. त्यात ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही, मग लग्नाचा व्हिडिओ कुठे ठेवणार?

रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा संगणक सुरू करून दुरुस्त करण्यासाठीचा पेनड्राइव्ह, संगणक धडधाकट असतानाच तयार करावा. ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरील सर्व काही पुसले जाते), स्टार्टमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा आणि सिस्टीम फाइलींचा बॅकअप घेण्याच्या चौकटीत खूण आहे ना, ते पाहा, म्हणजे त्यावरून विंडोज नव्याने टाकता येते. यात आपले फोटो व कागदपत्रे येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. पेनड्राइव्ह तयार झाल्यावर संगणक त्यावरून एकदा सुरू करून पाहा. मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पहिला पेनड्राइव्ह याच चाचणीत नापास झाला. ते संकटाच्या दिवशी कळले असते, तर फार उशीर झाला असता.

बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असेल, तर दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मी कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवली आहे, कारण ती त्याच लॅपटॉपमध्ये जपली, तर लॅपटॉप बंद पडलेल्या दिवशी वाचताच येणार नाही.