उमेद टिकवण्याचं काम कागदावर होतं

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. उमेद खचल्याचं दोन पानं लिहिलंस, पण काम नेमकं कुठे अडलंय, याबद्दल एक ओळही नाही. खरी गोची बहुधा तिथेच आहे.

उमेद ही मनाची उभारी आहे, ती आपोआप येते-जाते, असं आपण धरून चालतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९१ साली आशा मोजण्याची प्रश्नावली मांडली. तिच्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात: ध्येयापर्यंतच्या वाटा सुचतात का, आणि त्या वाटेने जाणं आपल्याला जमेल असं वाटतं का. दुसरी गोष्ट हुकमी आणता येत नाही. पहिली मात्र वहीत लिहिता येते, म्हणून सुरुवात तिथून कर. ध्येयाखाली एक नाही, दोन वाटा लिही. पहिल्या वाटेवर कोणत्या तारखेपर्यंत काय दिसलं नाही तर दुसरी धरायची, तेही आजच लिहून टाक. अडल्यावर डोकं ठिकाणावर नसतं, तेव्हा नवी वाट सुचत नाही.

आता तारखांचं. माणसं हिरमुसतात ती पुष्कळदा कामामुळे नव्हे, अंदाज चुकल्यामुळे. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला आणि काम संपायला ५५ हून अधिक दिवस लागले. अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत होणार असं गृहीत धरतो. आजारपण, पाहुणे, बंद पडलेला लॅपटॉप हिशोबात येतच नाहीत. म्हणून 'किती दिवस लागतील?' असं विचारू नकोस. मागच्या वेळी असंच काम किती दिवसांत झालं, ते बघ. तशी नोंद नसेल तर अंदाजाची दीडपट कर. तारीख हुकली की आपण स्वतःला नालायक ठरवतो. प्रत्यक्षात चुकलेली असते ती फक्त बेरीज.

यशाची चित्रं रंगवत बसण्याचा सल्ला तुला पुष्कळजण देतील. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात उलटंच दिसलं: नुसती गोड स्वप्नं पाहणारे प्रत्यक्षात कमी हातपाय हलवतात. स्वप्न बघ, पण लगेच आड येणारी गोष्ट लिही आणि तिच्यापुढे 'असं झालं तर हे करायचं' असं एक वाक्य जोड. 'जेवण झाल्यावर मोबाईल हातात आला, तर तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावून वही उघडायची.' इतकं बारीक हवं. 'मोबाईल कमी वापरेन' हे वाक्य बिनकामाचं.

खाडा पडणारच. सवय लागायला लंडनच्या एका अभ्यासात कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. बिघडतं ते पुढे. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून आपण दुसऱ्या दिवशी दुप्पट काम ठरवतो, ते झेपत नाही आणि आठवडा हातचा जातो. खाड्यानंतर फक्त दहा मिनिटं बसायचं. थकबाकी माफ.

अर्ध्यावर येईपर्यंत किती झालं ते मोज, अर्ध्यानंतर किती उरलं ते. लहान आकडा डोळ्यांसमोर असला की पुढचं पाऊल मोठं वाटतं. आणि दोन्ही वाटा प्रामाणिकपणे चालूनही महिनोन्महिने काहीच हललं नाही, तर ध्येय बदल. चिकाटीचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत आहे.

एक मात्र वेगळं समज. झोप, भूक बिघडली आहे, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या आहेत आणि हे दोन आठवडे सलग चाललंय, तर तो नियोजनाचा प्रश्न नाही. वही मिटून डॉक्टरांना भेट, आणि घरात एकाला तरी सांग.

बाकी भेटीअंती.