डी मेसॉन फुटल्यावर बाहेर पडलेले कण एकमेकांवर आदळले, तर क्षयदर बदलतो का?

तुम्ही विचारलंय की डी मेसॉनचा (चार्म क्वार्क असलेल्या अल्पायुषी कणाचा) क्षय दुर्बल बलाने होतो, मग नंतर प्रबल बलाने झालेल्या धडकांनी दर कसा बदलेल? एकूण दर जवळपास तोच राहतो. बदलते ती त्याची वाटणी, आणि ती चांगलीच बदलते.

मुंबईत एमएस्सीच्या मुलांना मी लोकलचं उदाहरण देतो. चर्चगेटहून निघालेले काही प्रवासी दादरला उतरून सेंट्रलची गाडी धरतात. ठाण्याला माणसं मोजली तर त्यात तेही येतात. पण इथे माणसं नाहीत, ॲम्प्लिट्यूड (ज्यांच्या वर्गातून शक्यता मिळते त्या संख्या) मिसळतात, म्हणून फेज (त्यांचा कोन) महत्त्वाचा.

डी-झिरो, म्हणजे विद्युतभार नसलेला डी, घ्या. के-मायनस पाय-प्लस आणि के-झिरो-बार पाय-झिरो हे दोन्ही चॅनेल (क्षयाच्या वाटा; के म्हणजे केऑन, पाय म्हणजे पायॉन) आयसोस्पिन (प्रबल बल जपतं तो क्वांटम अंक) १/२ आणि ३/२ यांच्या मिश्रणातून बनतात. गणित हाताने करून पाहाच: अदलाबदल या दोघांतच होते असं धरलं, तर दोन्ही दरांच्या बेरजेत फेज येतच नाही, वाटणीत मात्र येतो. नुसता क्वार्कच्या रंगांचा (म्हणजे प्रबल बलाच्या भाराचा) हिशेब धरला तर दुसरा चॅनेल पहिल्याच्या १/१८ हवा. प्रत्यक्षात तो सुमारे ०.६ पट आहे. सगळं श्रेय धडकांना देऊ नका, पण दोन आयसोस्पिनमधला फेजचा फरक ९० अंशांच्या आसपास निघतो, म्हणजे त्या जोरदार आहेत.

डी-झिरोचा के-झिरो के-झिरो-बार हा क्षय तर आणखी बोलका. क्वार्कच्या पातळीवर याच्या दोन मुख्य आकृत्या (क्षय होण्याचे शक्य मार्ग) एकमेकींना जवळपास खोडतात, तरी तो दिसतो. के-प्लस के-मायनस आधी तयार होऊन मग त्याचं रूपांतर होणं ही एक सरळ वाट आहे. डीचं वस्तुमान १८६५ एमईव्ही, आणि त्याच भागात रेझोनन्सची (क्षणभर टिकणाऱ्या कणांची) गर्दी, म्हणून परिणाम मोठा. बी मेसॉन ५२८० एमईव्हीचा, त्यातले कण वेगाने दूर जातात, तिथे परिणाम कमी, पण शून्य नाही.

एफएसआय (फायनल स्टेट इंटरॲक्शन, म्हणजे याच धडका) ही किरकोळ दुरुस्ती म्हणून शिकवलेली मला पटत नाही. क्षयातली थेट सीपी असममिती (कण आणि प्रतिकण यांच्या क्षयदरांतला फरक) दिसायला दोन ॲम्प्लिट्यूडमध्ये दुर्बल फेज वेगळा लागतो, तसा प्रबल फेजही, आणि तो मुख्यतः या धडकांतूनच येतो. २०१९ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने डी-झिरोच्या केके आणि पायपाय क्षयांतल्या असममितींचा फरक सुमारे उणे ०.१५ टक्के मोजला. तो स्टँडर्ड मॉडेलमध्ये (कणभौतिकीच्या प्रस्थापित सिद्धांतात) बसतो का, यावर अजून वाद आहे, कारण पायपायचं केके किती होतं हे या ऊर्जेला पक्कं काढता आलेलं नाही. वाटेत चार पायॉनसारखे चॅनेलही उघडे असतात.