आठ हेड, एक एफडी आणि फोंड्याचा डीजे

प्रश्न, थोडक्यात: मी फोंड्याचा, वय २९. लग्नं, वाढदिवस, साखरपुड्यांना डीजे करतो. साउंड स्वतःचा आहे, मूव्हिंग हेड (मान फिरवणारे स्टेजचे लाईट) भाड्याने आणतो. आठ नवे एलईडी हेड (एकेक २८,०००), ट्रस (लाईट टांगायचा सांगाडा), केबल, कंट्रोलर मिळून २,८०,००० चं कोटेशन आलंय. छपराच्या कामासाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी मोडू, की फायनान्स कंपनीचं १२ टक्के फ्लॅट दराचं दोन वर्षांचं कर्ज घेऊ? मित्र म्हणतो, सेकंडहँड शार्पी (अरुंद, प्रखर झोताचे हेड) घे, आठ नग १,२०,००० ला. बचत खात्यात ९०,००० आहेत.

उत्तर:

पत्रासोबत गेल्या हंगामाच्या वहीचे फोटो जोडलेत, हे फार बरं केलंत. कोटेशनपेक्षा मी वहीच जास्त वेळ वाचली. ऑक्टोबर ते मे ३४ कार्यक्रम. त्यांतल्या १९ ना हेड आणलेत, दर वेळी चारच, लावणाऱ्या माणसासकट ३,५०० ला. आठ एकदाही नाहीत. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या पुतळ्यांच्या रात्रीही नाहीत, आणि आठाचं खूळ तिथूनच आलं असावं अशी मला शंका आहे.

तुम्ही वर्षाला ६६,५०० भाडं वाचेल असं धरलंय. पण त्या भाड्यात माणूसही येत होता. आता हेड चढवायला, सेफ्टी वायर अडकवायला, रात्री उतरवायला एक पोरगा लागणार. कार्यक्रमाला १,००० धरले तर १९,००० तिथेच गेले. दुरुस्तीला ८,००० बाजूला काढा. हातात उरले ३९,५००. फायनान्सचा हप्ता मात्र १४,४६७, म्हणजे वर्षाचे जवळजवळ पावणेदोन लाख. मधली रक्कम साउंडच्या कमाईतून जाणार, आणि त्या कमाईवर तुमचं घर चालतं. त्यात फ्लॅट दर. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर, त्यामुळे १२ म्हणता म्हणता खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. हे कर्ज नको.

मित्राची शार्पीही नको. सेव्हन-आर प्रकारच्या शार्पीत २३० वॅटचा डिस्चार्ज बल्ब (एलईडी नव्हे, वायूतून पेटणारा) असतो, त्याचं आयुष्य साधारण दोन हजार तासांच्या घरात. आधीच्या मालकाने किती तास जाळला ते कळायला मार्ग नाही. हेडच्या मेनूतला तासांचा आकडा शून्यावर आणता येतो. आपल्याकडे ऐन वरातीत लाईट जाते, जनरेटर सुरू होतो. डिस्चार्ज बल्ब गरम असताना लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं घेतो. तेवढा वेळ नवरा-नवरी काळोखात. एलईडी हेड रिसेट होऊन लगेच चालू लागतो.

शिवाय शार्पीचा झोत फार अरुंद, धुराशिवाय दिसत नाही. लॉनवर वारा सुटला की हेझरचा (धूर सोडणाऱ्या यंत्राचा) धूर कुंपणापलीकडे. मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो आणि दहाला उघड्यावरचं संगीत बंद करावं लागतं, म्हणजे झोत दिसायला तीन तास. लाईटची खरी किंमत हॉलमध्ये, आणि तुमच्या वहीत हॉलच जास्त आहेत. कमी उंचीच्या छताखाली शार्पी पाहुण्यांच्या डोळ्यांत घुसते. तिथे ८०-१०० वॅटचे, गोबो (नक्षी पाडणारी चकती) असलेले चार स्पॉट हेड पुरतात. भिंतीवर, नाचणाऱ्यांवर नक्षी पडते आणि धूर कमी असला तरी चालतं.

तर घ्या, पण चार. हेडचे १,१२,००० आणि दोन स्टँड, केस, केबल, छोटा कंट्रोलर यांचे ३८,०००. एकूण दीड लाख. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला जीएसटी असतो, १८ टक्के, आणि तो या भावात धरलेला आहे. तुमची उलाढाल २० लाखांच्या बरीच खाली, नोंदणी नाही, त्यामुळे तो परत मिळणार नाही. तरीही पक्कं बिल घ्या. वॉरंटी आणि विमा दोन्ही त्यावरच. घराच्या विम्यात धंद्याचं सामान सहसा येत नाही, टेम्पोतल्या सामानाबद्दल वेगळं विचारा.

पैसे कुठून? ५०,००० बचतीतून. उरलेल्या एका लाखासाठी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तेवढे पैसे उचलायची सोय) घ्या. व्याज साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच. मुख्य म्हणजे ठरावीक हप्ता नाही. जून ते सप्टेंबर तुमची वही कोरी आहे. त्या चार महिन्यांत फक्त व्याज भरा. हंगामात महिन्याला ७,००० टाकलेत तर दोन हंगामांत फिटेल. तोवर छपराच्या पैशांतला लाख अडकलेला राहील, हे घरी आधी सांगा.

हे ७,००० निघायला ३९,५०० पुरत नाहीत. जिथे हेड नव्हते अशा १५ पैकी निदान आठ गिऱ्हाइकांना ३,००० चं लाईट पॅकेज विकावं लागेल. पोराचे हजार वजा जाता १६,००० वाढतात, आणि दीड लाख पावणेतीन वर्षांत वसूल होतात. आठ जमले नाहीत तर पावणेचारच्या पुढे.

विकत घेण्याआधी तेच मॉडेल एका लग्नाला भाड्याने लावा. पंख्याचा आवाज ऐका, भाषणाच्या वेळी तो फार जाणवतो. माईकची केबल डीएमएक्सला (कंट्रोलरचे हुकूम हेडपर्यंत नेणाऱ्या जोडणीला) वापरू नका, शेवटच्या हेडला १२० ओमचा टर्मिनेटर (लाईन बंद करणारा प्लग) लावा. अर्ध्या ‘बिघाडां’चं मूळ तिथेच असतं. हेडला सोळा चॅनेलचा मोड असेल तर चार हेडचे डीएमएक्स पत्ते १, १७, ३३, ४९.

आणि पावसाळा. डिचोलीच्या एका क्लायंटने गेल्या ऑगस्टमध्ये मला त्याची खोली उघडून दाखवली होती. जूनपासून बंद केस. स्क्रू तांबूस, लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि एक हेड चालू केल्यावर मान अर्धी वळवून तिथेच कुरकुरत राहिलेला. केसमध्ये सिलिका जेल टाका, पंधरवड्याला अर्धा तास चारही हेड चालवा.

मे संपला की वही पुन्हा पाठवा. हेड २७ हून जास्त कार्यक्रमांना लागले असतील तर उरलेल्या चारांचं बोलू.